हाताला न लागणारं

"परत यावं लागेल," फोनवरची बाई म्हणाली. "डाव्या बाजूचे आणखी फोटो काढायचेत. घाबरू नका."

तोरलाउगने वॉफलच्या साच्याचं झाकण उघडलं. आतलं पीठ करपून काळं झालं होतं. फेरीबोटीच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढली, पण असं कधी झालं नव्हतं.

"कुणाचा गं फोन?" गल्ल्यावरून योरुनने विचारलं.

"दाताच्या डॉक्टरचा."

स्तनांच्या तपासणीची बस बेटावर आली तेव्हा योरुननेच तिला दंडाला धरून नेलं होतं. "दर वेळी टाळतेस. मासे साफ करायला घाबरत नाहीस, आणि त्या यंत्राला घाबरतेस होय?" सगळे हसले होते. तोरलाउगही हसली होती.

तिच्या आईचं कुणालाच ठाऊक नव्हतं. आई सदऱ्याखाली, छातीवरच्या जखमेवर फडकं बांधायची. तोरलाउग चौदा वर्षांची असताना खोलीत त्या जखमेचा वास भरायला लागला. आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "कुणाला बोलायचं नाही. बाबांनासुद्धा नाही." ती बोलली नाही. वसंतात बर्फ वितळायच्या आधीच आई गेली.

घरी तिने ताट बाजूला सारलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, ओदवारने, मान वर केली.

"जेवत का नाहीस?"

"दाढ दुखतेय. परवा शहरात दाखवून येते."

"मी येऊ?"

"दाढेला कशाला हवाय सोबतीला माणूस?"

रुग्णालयात तिला अर्ध्या अंगाने उघडं बसावं लागलं. गार जेल लागलं तशी ती दचकली. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत होती, आणि तोरलाउग डॉक्टरबाईच्या चेहऱ्याकडे. तिथे काही दिसतंय का, कपाळावर आठी पडतेय का, एवढंच ती शोधत होती. मग सुई आली. खट्‌ आवाज झाला, आणि तिच्या तोंडून आईच निसटली, "आई गं!"

नर्सने तिचा हात हातात घेतला. "बाहेर कुणी थांबलंय?"

"नाही."

"घरी सांगितलंय?"

तोरलाउगने छताकडे पाहिलं.

निकाल ऐकायलाही ती एकटीच गेली. कर्करोग होता. लहान, जवाएवढा. "लवकर सापडला," डॉक्टरबाई म्हणाली. "काढून टाकू. मग थोडे दिवस किरणांचे उपचार. बहुतेक बायका बऱ्या होतात." तोरलाउगच्या कानात मात्र 'बहुतेक' हा एकच शब्द अडकून बसला. परतीच्या बोटीवर ती आत गेलीच नाही. वाऱ्यात कठड्याला धरून उभी राहिली आणि काय सांगायचं ते पुटपुटत राहिली. वाक्य काही जुळेना.

ओदवार बटाटे उकडायला टाकून खिडकीशी उभा होता.

"दाढ नव्हती," ती म्हणाली.

"माहितीये. तुझ्या दाढा खेकड्याच्या नांग्या फोडतात." तो वळला. "मला सांगायचं नव्हतंस, म्हणून मी विचारलं नाही. पण रात्रभर तुझे दात वाजतात गं."

मग तिने सांगितलं. आधी आईचं, मग स्वतःचं. उलटसुलट, अडखळत.

ओदवारने नळ सोडला, गरम पाण्याखाली हात धरले, चोळले, टॉवेलला पुसले. समुद्रावर जन्म काढलेले ते हात कायम थंडगार असायचे.

"कुठे आहे?"

भर दुपारचा उजेड होता. तिने सदऱ्याची बटणं एकेक सोडली आणि त्याचा हात धरून जागेवर नेला. सुईचा निळा डाग होता, त्याच्या जरा खाली.

त्याने हलकेच दाबून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"काहीच लागत नाही गं."

"नाहीच लागत."

बटाट्यांचं पाणी उतू जाऊन शेगडीवर फसफसलं. ओदवारने हात काढला नाही, आणि तीही जागची हलली नाही.