बापाचं मत

फेब्रुवारीत क्लिफर्ड ब्लँचर्डला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. तोंडातून एकच शब्द धड निघायचा : "गप." पाणी हवं असलं तर "गप." कूस बदलायची असली तर "गप." इस्पितळातली डॉक्टरीणबाई म्हणाली, "असं होतं कधीकधी. आयुष्यभर जो शब्द जिभेवर घोळलेला असतो, तोच तेवढा उरतो." हे ऐकून त्याची मुलगी लॉर्ना पलंगाशेजारीच इतकी हसत सुटली की नर्सनं तिला हाताला धरून बाहेर नेलं. नर्सला वाटलं, बिचारीला रडू आवरेना.

ग्रिम्सबीच्या बंदरात क्लिफर्डला ओळखत नाही असा माणूस नव्हता. तीस वर्षं तो मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, होता. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातून त्यानं अठरा माणसं सुखरूप परत आणली होती, असं लोक अजून सांगायचे. पुढे युरोपीय संघाच्या नियमांनी मासेमारीला कात्री लागली आणि सरकारी योजनेत त्याचा ट्रॉलर धक्क्यावर ओढून तोडला. तो दिवसभर उभा राहून बघत होता. त्या दिवसापासून त्याचा संघावर दात होता. "आइसलँडवाल्यांनी त्यांचा समुद्र बंद करून आधीच निम्मा धंदा बुडवला होता, तांडेल," असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, "गप."

घरात त्यानं कधी कुणावर हात उगारला नाही. त्याची गरजच पडली नाही. लॉर्नाच्या लग्नात बापानं दोन शब्द बोलायचे असतात म्हणून तो ग्लास घेऊन उठला आणि म्हणाला, "जाळ्यात कधीकधी असा मासा येतो, की तो विकताही येत नाही आणि खाताही येत नाही. आपण परत फेकतो. पण आज बघा, गिऱ्हाईक मिळालं!" सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं नवरामुलगा हसला. नऊ वर्षांनी तो नवरा तिला सोडून गेला, तेव्हा लॉर्ना पेटी घेऊन बापाच्या दारात उभी राहिली. बाप दारातून बाजूला झाला आणि एवढंच म्हणाला, "फेकलं ना परत?"

आता ती त्रेपन्न वर्षांची होती. सकाळी गोदीतल्या मासळीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून ती मासे साफ करायची आणि दुपारनंतर बापाला भरवायची, पुसायची, कूस बदलायची. भाऊ ट्रेव्हर, बापाचा लाडका, वीस वर्षं स्पेनमध्ये समुद्रकाठी बार चालवत होता. नाताळात त्याचा फोन यायचा.

मे महिन्यात सिरिलकाका एक अर्ज घेऊन आला. बावीस वर्षं तो क्लिफर्डच्या हाताखाली बोटीवर होता. जूनच्या तेवीस तारखेला सार्वमत होतं : देशानं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं.

"तांडेलांचं मत वाया जाता कामा नये," सिरिल म्हणाला. "मुखत्यार नेमायचा, म्हणजे त्यांच्या वतीनं दुसऱ्यानं जाऊन खूण करायची. मीच गेलो असतो गं, पण माझा गुडघा कापणार आहेत त्याच आठवड्यात. तू जा."

क्लिफर्डनं लेकीकडे बराच वेळ पाहिलं. ज्या बोटीला भोक आहे हे माहीत आहे, तिच्यात पाय ठेवताना माणूस बघतो तसं. मग डाव्या हातात पेन धरून सही केली. दोनदा पेन घसरलं. तिसऱ्यांदा कागदावर एक वेडावाकडा ओरखडा उमटला आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

मुखत्यारीचं पत्र आलं, तसं लॉर्नानं ते घड्याळाला टेकवून ठेवलं, बापाच्या बरोबर नजरेसमोर.

पहिल्यांदा ते सहज घडलं. टीव्हीवर एक बाई संघात राहण्याच्या बाजूनं बोलत होती. लॉर्ना बापाला लापशी भरवत होती. चमचा हवेत धरून ती म्हणाली, "बाई बोलतेय ते काही खोटं नाही हं, बाबा."

क्लिफर्डनं डावा हात टेबलावर आपटला. "गप!"

"असं कसं गप? आता माझ्या हातात दोन मतं आहेत. विचार नको करायला?"

त्याच्या हनुवटीवरून लापशी ओघळली. तिनं ती लगेच पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर उभ्या उभ्या तिला संध्याकाळची ओढ लागली. आज काय बोलावं, हे ती माशाचा काटा काढता काढता ठरवत होती. मग रोजचंच झालं. एके दिवशी ती म्हणायची, "बाबा, ठरलं, बाहेरच पडायचं." त्याचा चेहरा सैल पडायचा, तो घास गिळायचा. लापशी संपली की ती उठता उठता म्हणायची, "का कुणास ठाऊक, अजून नक्की होत नाही बाई." एकदा तर तो रडला. एकाच डोळ्यातून पाणी आलं, दुसरा कोरडाच राहिला. लॉर्नानं ते नीट वाकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा बाप तिच्या तोंडाकडे बघून आपला दिवस कसा जाणार हे ओळखत होता, आणि तिला त्याची चटक लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेव्हरचा फोन आला. नाताळ नसताना.

"लॉर्ना, अगं बाबांचं मत तुझ्याकडे आहे म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"सिरिलनं लिहिलं होतं. हे बघ, देश सोडून पंधरा वर्षांहून जास्त झाली की मत देता येत नाही, म्हणून मला नाही. बाहेर पडलो तर माझे इथे हाल कुत्रा खाणार नाही. बार, दवाखाना, सगळं अडकलंय. तू बाबांचं मत राहायच्या बाजूनं टाक."

"त्यांना ते चालायचं नाही."

"त्यांना काय कळतंय आता? म्हातारा नुसता मांसाचा गोळा झालाय. श्वास घेतोय म्हणून जिवंत म्हणायचं. त्याच्यासाठी मी का मरू?"

लॉर्ना गोड आवाजात म्हणाली, "तूच सांग ना त्यांना. इथंच बसलेत. मघापासून स्पीकर चालू आहे."

पलीकडे बारमधला ग्लासांचा आवाज तेवढा येत राहिला. क्लिफर्ड फोनकडे बघत होता. "गप," तो म्हणाला. इतक्या हळू की ट्रेव्हरला ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे. फोन बंद झाला. लॉर्नानं बापाचं पांघरूण नीट केलं आणि विचारलं, "चहा करू?"

सगळे बापाच्या मताबद्दल बोलायचे. सिरिल इस्पितळातून निरोप धाडायचा, शेजारपाजारचे कुंपणावरून विचारायचे. तिच्या स्वतःच्या मताचं कुणी विचारलं नाही. विचारलं ते फक्त दाइगानं.

दाइगा लाटवियाची, तो देश संघात आहे म्हणूनच इथं कामाला येऊ शकलेली. सहा वर्षं ती पट्ट्यावर लॉर्नाच्या शेजारी उभी होती. क्लिफर्ड इस्पितळात होता तेव्हा तिनंच लॉर्नाच्या तीन पाळ्या भरून काढल्या होत्या आणि त्याबद्दल पुन्हा तोंडातून ब्र काढला नव्हता. चहाच्या सुट्टीत ती चाचरत म्हणाली, "विचारू नये गं, पण रात्री झोप लागत नाही. माझी एलिना इथंच जन्मली, इथल्याच शाळेत जाते. तू काय करणार आहेस?"

लॉर्नानं कपातला शेवटचा घोट संपवला. "सामान बांधायला घेतलंस का?"

दाइगा हसली. मग लॉर्ना हसत नाही असं पाहून तिनं हसू आवरलं, डोक्यावरची जाळी सारखी केली आणि ती आपल्या जागी गेली.

तेवीस तारखेला क्लिफर्डनं सकाळपासून कपाटाकडे बोट दाखवलं. त्याला टाय हवा होता. मत द्यायला जायचं म्हणजे टाय बांधूनच, असं तो पूर्वीपासून मानत आलेला. लॉर्नानं त्याची दाढी केली, टाय बांधला, गाठ जरा जास्तच वर सरकवली. "येते बाबा. बघू काय होतं."

प्रार्थनामंदिराच्या हॉलमध्ये फारशी गर्दी नव्हती. तिनं पत्र दाखवलं, दोन कागद घेतले, लाकडी आडोशामागे गेली. दोरीनं बांधलेली पेन्सिल उचलली.

या क्षणाची तिनं महिनाभर चव घेतली होती. बापाचा कागद वर ठेवला. "राहायचं" या शब्दापुढच्या चौकोनावर पेन्सिल टेकवली. आणि तिला ती सही आठवली, तिसऱ्या खेपेला उमटलेला तो ओरखडा, कपाळावरचा तो घाम. माया वगैरे काही दाटून आली नाही. उलट रागच आला, त्याचा आणि स्वतःचा, की या हाताला अजूनही त्याचंच ऐकायची सवय आहे. तिनं पेन्सिल खाली नेली आणि "बाहेर पडायचं" पुढे फुली मारली.

मग स्वतःचा कागद. इथं मात्र ती उभीच राहिली. आपल्याला काय हवंय? समुद्र तिचा कधीच नव्हता. महिनाभर तिनं मताचा विचार केला होता, पण तो सगळा बापाला कुठं बोचेल याचा. स्वतःचं म्हणून काही शोधायला गेली तर हाताला काहीच लागेना. मागं कुणीतरी खाकरलं. तिनं घाईघाईनं तिथंही तशीच फुली मारली आणि दोन्ही कागद पेटीत टाकले.

घरी बाप खुर्चीत ताठ बसला होता. टायखाली गळा लाल झाला होता. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

एका वाक्यात संपलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत ती भीती होती, आणि उद्यापासून ती नसणार होती.

"राहायच्या बाजूनं केली खूण," लॉर्ना म्हणाली. "तुमच्या नावानं."

तो ओरडला नाही. हात आपटला नाही. मान हळूहळू छातीवर टेकली. चहा झाल्यावर खरं सांगू, असं तिनं ठरवलं होतं. चहा झाला, भांडी झाली. सकाळी सांगू, ती मनाशी म्हणाली.

सकाळी टीव्ही लावला तर बाहेर पडणारे जिंकले होते. ग्रिम्सबीत तर दहातल्या सातांनी बाहेर पडायलाच मत दिलं होतं. क्लिफर्ड पडद्याकडे बघत राहिला, मग लेकीकडे वळला आणि हसला. तोंडाची एकच बाजू वर गेली, तिथून लाळ गळली, पण ते हसू ओळखू येत होतं. लग्नाच्या हॉलमध्ये ग्लास हातात घेऊन तो असाच हसला होता. तू करायचं ते केलंस, तरी तुझ्यावाचून काही अडलं नाही, असंच ते हसू म्हणत होतं.

"बाबा, मी खोटं बोलले काल. तुम्हाला हवं तिथंच फुली मारली. शप्पथ."

"गप," क्लिफर्ड म्हणाला.

"आईची शप्पथ! दोन्ही मतं बाहेरच पडायला दिली."

त्यानं माशी हाकलावी तसा हात हलवला. तिच्याजवळ पुरावा नव्हता. पेटीतल्या हजारो कागदांत तो कागद गेला होता आणि त्यावर कुणाचं नाव नसतं.

त्या दिवसापासून तिच्या हातचा घास त्यानं घेतला नाही. चमचा आला की दात आवळायचा. तोंडात घातलंच तर तिच्या अंगावर थुंकायचा. आठवड्याभरानं सिरिलकाका कुबड्या टेकत आला. क्लिफर्डनं खुणेनं वर्तमानपत्र मागितलं, त्यातल्या "राहायचं" या शब्दावर बोट ठेवलं, मग आपल्या छातीवर, मग लॉर्नाकडे. पुन्हा पुन्हा, सिरिलला कळेपर्यंत.

"सिरिलकाका, ऐका, मी नुसतं तसं सांगितलं होतं त्यांना—"

"पोरी," सिरिल उठत म्हणाला, "मेलेल्या खलाशाचे खिसे चाचपणारे बघितलेत मी. ते तुझ्यापेक्षा बरे."

दोन दिवसांत बंदरभर झालं : तांडेलाच्या लेकीनं बापाचं मत विकलं. जुलैत क्लिफर्डला शुश्रूषागृहात हलवावं लागलं. तिथं तो परक्यांच्या हातून निमूट जेवायचा. लॉर्ना गेली की भिंतीकडे तोंड करायचा. सप्टेंबरात तसाच, भिंतीकडे तोंड करून गेला. दफनाला निम्मं बंदर लोटलं. ट्रेव्हरनं फुलं पाठवली. कबरीवर मूठभर माती टाकून लोक एकेक करून लॉर्नाच्या समोरून गेले आणि कुणी तिच्या हातात हात दिला नाही.

ती कामावर परतली तेव्हा चहाच्या टेबलावरच्या बायका सरकून बसल्या, जागा करून द्यायला नव्हे. ती कोपऱ्यात एकटी जाऊन बसली. थोड्या वेळानं समोर एक डबा आला. आत खारवलेलं मांस भरलेले छोटे पाव, अजून कोमट.

दाइगा समोर बसली होती. "घरी केलेत," ती म्हणाली. "सगळे काय बोलतात ते मी ऐकलंय. तुझ्यावर काय ओढवलं तेही. आमच्यासाठी तू बापाशी वैर घेतलंस. एलिनाला सांगितलंय मी तुझं नाव."

लॉर्नानं एक पाव खाल्ला. चांगला झाला होता. दुसरा उचलला. सप्टेंबर संपत आला होता आणि महिनाभरात तिच्याशी प्रेमानं बोललेलं हे पहिलंच माणूस. गप्प बसणं अवघड नव्हतं. पण आपलं खरं एकानं तरी खरं मानावं, ही भूक त्या पावानं भागेना.

"दाइगा, मी बाहेर पडायलाच मत दिलं," ती म्हणाली. "बापाचंही आणि माझंही."

शपथ घालावी लागली नाही. दाइगाचा तत्क्षणी विश्वास बसला. तिनं लॉर्नाच्या हातातला अर्धा पाव तसाच राहू दिला, डब्याचं झाकण लावलं, कोपरे दाबून नीट बसवलं आणि डबा काखेत मारून ती उठली. पाळीची घंटा झाली. पट्टा सुरू झाला तेव्हा लॉर्नाच्या शेजारी दुसरीच कुणी बाई उभी होती.