दोन भाऊ छाप आणि निळी टिकली

तिरोड्याजवळच्या सेवकरामच्या मिलचा तांदूळ म्हणजे ‘दोन भाऊ छाप चिन्नोर’. कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर छापलेल्या चित्रात, मात्र भाऊ एकच. डावीकडे फेटा बांधलेला सेवकराम, आणि उजवीकडे, जिथे थोरला केशोराव असायला हवा, तिथे धानाची भलीमोठी पेंडी. कुणी विचारलंच तर सेवकराम सांगायचा, “दुसरा पेंडीच्या मागं बसून हाय.”

ते अगदीच खोटं नव्हतं. ती पेंडी त्यानंच पेंटरकडून भावाच्या तोंडावर काढून घेतली होती.

भांडण झालं ते भातावरून. केशोरावच्या लेकीच्या, भूमिकाच्या लग्नाचा तांदूळ काकानं द्यायचा ठरला होता. काकानं जुना तांदूळ रायपूरच्या व्यापाऱ्याला विकून टाकला आणि लग्नघरी त्याच हंगामाचा नवा धाडला. नवा तांदूळ शिजवला की त्याचा लगदा होतो, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंगतीत वराच्या मामानं भाताचा गोळा उचलून धरला आणि विचारलं, “हा खाचा, का याच्यानं पत्रिका चिकटवाच्या?” मिलवाल्याच्या घरचं लग्न, आणि ही शोभा! सेवकरामनं सगळ्यांदेखत आचाऱ्यावर ढकललं. तांदूळ जुनाच होता, म्हणे, यानंच गिचका केला. केशोराव उठला. कोठीत जाऊन त्यानं चार कच्चे दाणे दाताखाली चावून पाहिले आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. पुढे वाटणी झाली. शेती थोरल्याकडे गेली, मिल धाकट्याकडे, आणि कट्ट्यावर पेंडी आली.

इतकी वर्षं त्यात कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते बादलीपाशी.

सेवकरामची सून चेतना इंटरनेटवरून पुण्या-बंगळुरूपर्यंत तांदूळ विकायची. कुणा भामट्यानं मिलच्या नावानं तिच्या गिऱ्हाइकांना मेल धाडला की एका कट्ट्यामागे स्टीलची बादली फुकट, इथे दाबा. लोकांनी दाबलं आणि फसले. मग शिव्या सगळ्या सेवकरामला. पुण्याची एक बाई तर रोज फोन करून बादली कुठवर आली ते विचारायची. पुढे पुढे मिलचे खरे मेलही लोक न उघडता उडवू लागले. ऑर्डरी आटल्या, कट्ट्यांची थप्पी तशीच पडून राहिली. सेवकरामला जेवण गोड लागेना.

“मामाजी, एक उपाय हाय,” चेतना सासऱ्याला म्हणाली. “गिऱ्हाइकाच्या मेलमधी आपल्या नावाच्या बाजूले आपला छाप दिसन आन पुढं निळी खूण. सगळी तपासणी करून मंग देतात. भामट्याले ते भेटत नाई.”

बंगळुरूच्या फोनाफोनांत आपला फेटा झळकणार, या विचारानं सेवकराम खुलला. “मंग ते टिकली उद्याच लाव!”

“पण छाप सरकारी नोंदणीत हाय तसाच लागते. नोंदणीत दोघांचे चेहरे हायेत आन मालक म्हणून दोघांची नावं. मोठ्या मामाजींचा होकार पायजे.”

“अन् पेंडीले काय धाड भरली?”

“पेंडी नोंदलीच नाई, मामाजी. नवा छाप नोंदवाले लई वेळ लागते. तवर गिऱ्हाईक रायते का?”

दोन दिवस सेवकराम घरात सगळ्यांवर खेकसत राहिला. तिसऱ्या दिवशी चेतनाला सोबत घेऊन निमूटपणे भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. वहिनीनं, धुरपताबाईनं, पाणी दिलं. केशोराव खाटेवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण धाकट्याकडे न बघता चेतनालाच विचारलं, “म्हणजे ते टिकली असली का मेल त्याचाच असते? मंग त्याले ‘मी नाई धाडला’ म्हणता येत नाई?”

“नाई येत, मोठे मामाजी.”

“मंग माहा होकार हाय. पण पयला मेल मले धाडाचा. भूमिकाच्या लग्नात तांदूळ कोणता होता, ते लिहून.”

सेवकरामचा चेहरा पडला. “दादा, आता तोंडीच सांगतो ना.”

“तोंडी तू लई बोलला.”

पुढे तपासणीचा व्हिडिओ कॉल आला, त्याला दोघंही मालक बसले. पलीकडच्या मॅडमनी हिंदीत केशोरावला विचारलं, “ये सेवकरामजी ही हैं ना? असली?”

“आदमी तो असली है मॅडम,” केशोराव म्हणाला, “बात की गॅरंटी नहीं.”

मॅडम हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

काही आठवड्यांनी टिकली मिळाली. मेलच्या बाजूला एवढ्याशा गोलात दोघं भाऊ खेटून बसलेले, पुढे निळी खूण. आता सेवकरामला कुणी अडवणार नव्हतं. त्यानं पहिला मेल पुण्याच्या बादलीवाल्या बाईला धाड म्हटलं असतं तरी चेतना काही बोलली नसती. ती नुसती कीबोर्डवर बोटं ठेवून बसली होती.

सेवकराम त्या गोलाकडे बघत राहिला. पेंडीमागचा केशोराव अजून तरणाच होता, मिल सुरू केली त्या दिवसासारखा हसत होता. सेवकरामला मनापासून लाज वाटली.

“लिही,” तो म्हणाला. “दादा, तांदूळ नवाच होता. जुना मी विकला. आचाऱ्याची काई चूक नव्हती.” मग म्हणाला, “त्या आचाऱ्यालेबी धाड.”

संध्याकाळी केशोरावचं उत्तर आलं. चेतनानं मोठ्यानं वाचलं: “मेल भेटला. टिकली बरोबर हाय, पण मजकूर पाहून भरवसा बसत नाई. माहा भाऊ असं लिहीन असं वाटत नाई. कोण्या भामट्याचं काम दिसते. खरंच त्यानंच लिहिलं असन, तर रविवारी जेवाले येऊन तोंडानं सांगाव. तांदूळ माह्या घरचा हाय, जुना.”

सेवकरामनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेला.

“याच्या नावापुढं टिकली दिसून नाई राहिली, चेतना.”

“त्यायच्यापाशी कुठची, मामाजी.”

“मंग हा मेल खराच हाय कशावरून?” सेवकराम म्हणाला. “जाऊनच पाहा लागन.”