चिकपेटला सोडलेली

"तो तुझ्या मुलीला एक दिवस जंगलात सोडून येईल. नको असेल तर तोंडानं नको म्हण. गप्प बसलीस तर तो हो समजेल."

आपेलडोर्नच्या स्वयंपाकघरात कप पुसता पुसता सासूबाईंनी मला हे सांगितलं होतं. वल्लरी तेव्हा माझ्या मांडीवर होती. डच लोक उन्हाळी शिबिरातल्या मुलांना डोळे बांधून गाडीतून नेतात, रानात उतरवतात आणि म्हणतात, या आता आपापले परत. त्याला ते ड्रॉपिंग म्हणतात. मी हसले होते. बंगळुरात कुठलं आलंय जंगल?

जंगल नाही. चिकपेटचा बाजार आहे.

गेल्या गुरुवारी जेवताना माझा नवरा वाउटर म्हणाला, "वल्लरी नऊ वर्षांची झाली. शनिवारी तिचं ड्रॉपिंग करू." मी बोलले नाही. डोसा उलटला, उलथनं तव्यावर आपटलं आणि त्याला वाढलंच नाही. राजाजीनगरातल्या आमच्या घरात बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नकार असाच दिलाय, आणि पुरुषांना तो बरोबर ऐकू आलाय. वाउटरनं उठून स्वतःच डोसा घेतला आणि फोनमध्ये शनिवारची नोंद केली.

शनिवारी सकाळी बापलेक स्कूटरवरून गेले. मला वाटलं, नाश्त्याला. तो एकटाच परत आला. बूट काढून नीट जोडीनं लावले.

"वल्लरी कुठाय?"

"चिकपेटला. साड्यांच्या गल्लीत."

"कुणापाशी?"

"कुणापाशी नाही. म्हणून तर त्याला ड्रॉपिंग म्हणतात."

आम्ही घरात इंग्रजीत भांडतो, ती दोघांचीही नाही म्हणून. त्या दिवशी मी मराठीत ओरडले. त्याला समजलं.

"फोन दिला नाही. मेट्रोचं कार्डही नाही, ते फार सोपं झालं असतं," तो म्हणाला. "पाण्याची बाटली आहे. पाय आहेत. कन्नड तर माझ्यापेक्षा चांगलं येतं तिला."

माझा थोरला भाऊ सुधींद्रअण्णा खालच्या मजल्यावर राहतो. आवाज ऐकून तो लुंगी सावरत वर आला.

"काय हो दोरेसाहेब," तो म्हणाला. गोऱ्या माणसाला इकडे दोरे म्हणतात, आणि अण्णा रागावला की वाउटरला हेच म्हणतो. "मांजराची पिल्लं बाजारात सोडतात, तशी पोरगी सोडून आलात?"

"मी सात वर्षांचा असताना माझ्या वडिलांनी मला सोडलं होतं."

"तुमच्या गावात माणसांपेक्षा सायकली जास्त! इथं स्वल्प फरक आहे की नाही?"

वाउटर त्याच्याकडे न बघता मला म्हणाला, "या घरात माझं काय आहे? ती तुझ्याशी मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड. माझ्या भाषेत एक वाक्य बोलत नाही. माझं म्हणून एक संडासातलं वाढदिवसांचं कॅलेंडर आहे. तेही तू काढून ठेवतेस."

"माझ्या वडिलांचं नाव आहे त्याच्यात! संडासात!"

"आमच्याकडे तिथंच लावतात. रोज दिसतं, कुणाचा वाढदिवस राहून जात नाही."

मी अण्णाच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. चिकपेटला गाठोडी वाहणारे हमाल, हातगाड्या, मधूनच घुसणाऱ्या रिक्षा. प्रत्येक वेणीकडे बघत चालले. एका मुलीचा खांदा मागून धरला, ती दुसऱ्याच कुणाची निघाली. तिच्या आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोरं पळवणारी आहे. मीही तिच्या जागी तसंच बघितलं असतं.

तेवढ्यात वाउटरचा फोन आला. "आली."

घरी पोचले तर वल्लरी टेबलाशी, धुळीनं माखलेल्या पायांनी, लोणी लावून चॉकलेटचे दाणे पसरलेला ब्रेड खात होती. समोर फोनवर आपेलडोर्नची आजी.

"इक बेन झेल्फ थाउसखेकोमेन," वल्लरी तिला सांगत होती. मी आपली आपण घरी आले.

तिचं पहिलं अख्खं डच वाक्य. वाउटरचे डोळे भरून आले होते. तो चेहरा बघून मला त्याचा आणखीच राग आला.

"अम्मा, एका काकांनी विचारलं, आईला फोन लावू का? मी म्हटलं, बेडा, नको, ती रडेल."

"नको," मी म्हणाले. मोठ्यानं. "पुन्हा हे नको."

वाउटरनं कप खाली ठेवला. "हे गुरुवारी म्हणाली असतीस तर नेलंच नसतं. पण आता बोललीस ते बरं केलंस. आता तिघं मिळून ठरवू. पुढच्या शनिवारी यशवंतपूर. कुणाकुणाला हवंय?"

त्यानं हात वर केला. वल्लरीनं लोण्याचा हात वर केला. घरातले निर्णय असेच घ्यायचे, हे आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरलं होतं. तेव्हाही मी गप्पच होते.

"मी सांगितलं होतं तुला," फोनमधून सासूबाई म्हणाल्या.

म्हणून आता तुम्हाला सांगते. शनिवारी सकाळी यशवंतपूरच्या घाऊक बाजारात, कांद्याच्या गाळ्यांकडे गेलात, तर जरा बघा. दोन वेण्या, केस बापासारखे पिवळसर, डोळे माझ्यासारखे काळे. हाताला धरू नका, रस्ता सांगू नका, तिला राग येतो. लांबूनच बघा, मोठा रस्ता ओलांडून होईपर्यंत. आणि मला कळवा. वाउटरला नको.