उपरण्याखालचा हात

राधाकिशनरावांनी उपरण्याखाली हात सरकवला तेव्हा बंकटला वाटलं, लाल कंधारी जोडीचीच बोलणी असणार. नेकनूरच्या बाजारात ऐन रविवारी हा जमीनदार माणूस बैल सोडून दुसऱ्या कशाला येईल? पण रावांनी बोट काही धरलं नाही. कानाशी वाकून ते हलकेच म्हणाले, तुझ्या सुनेच्या प्रचाराला जीप आणि भोंगा मी पाठवतो, डिझेल-ड्रायव्हरसकट. फक्त माझं नाव कुठं येऊ द्यायचं नाही. एवढं बोलून त्यांनी बंकटचा हात दाबला.

बंकटनेही उलट हात दाबला. विचारबिचार काही केला नाही. उभा जन्म बैलांची दलाली केलेल्या माणसाचा हात तसा आपोआपच मिटतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर, मधे दलालाचं उपरणं. त्याखाली बोटाबोटांनी भाव ठरायचा आणि भोवतीच्या गर्दीला पत्ता लागायचा नाही. हात दाबला की सौदा पक्का, आणि पक्का झालेला भाव दलालाने मरेपर्यंत पोटात ठेवायचा. बंकटचे सगळे भाऊबंद मेंढरांमागे फिरणारे. हा एकटाच बाजारात रमला आणि त्याने नाव कमावलं. बंकटच्या उपरण्याखालचं बाहेर येत नाही, असं लिंबागणेशपर्यंत कुणीही सांगितलं असतं. दुसरी इस्टेट त्याच्याकडे नव्हती.

घरी येताना मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. सरपंचपदाला सून उज्ज्वला उभी होती आणि समोर उभी होती ती राधाकिशनरावांच्याच पुतण्याची बायको. म्हणजे राव दोन्ही डगरींवर हात ठेवून होते. पण दाबलेला हात सोडवणार कसा?

दुसऱ्या दिवशी जीप दारात आली. उज्ज्वलाने विचारलं, कुणाची? बंकटने सांगितलं, हाय एका दोस्ताची, नाव मागून सांगतो.

उज्ज्वलाची तऱ्हा न्यारी होती. बारावी झालेली, बचतगट चालवलेली पोर. कुणी प्रचाराला हातभार लावला की त्याची किंमत धरून देणाऱ्याचं नाव लिहायचं, हा सरकारी नियम तिने असा काही मनावर घेतला की शेजारच्या छबुबाईने फिरणाऱ्या बायांना पाजलेला चहासुद्धा तिने लिहायला घेतला. छबुबाई रुसून बसली. म्हणाली, "मी काय हाटेल काढलंय व्हय गं?" उज्ज्वला तिची समजूत काढत म्हणाली, "आत्या, उघड्यावर दिलेल्याची लाज नसती. झाकून दिलेलं तेवढं पुढं नडतं." पलीकडे बंकट बैलाला वैरण टाकत होता. त्याने ते ऐकलं आणि पाठ फिरवली.

उज्ज्वला निवडून आली. गुलालाने न्हालेल्या सुनेला मेंढरं हाकणाऱ्या बाया ओवाळत होत्या, आणि पाण्याचं निमित्त करून बंकट घरात जाऊन डोळे पुसून आला. त्याच्या सात पिढ्यांनी ग्रामपंचायतीची पायरी बघितली होती, ती खालूनच.

गुलाल धुतला जायच्या आत राधाकिशनराव आले. बाजेवर बसून चहा प्यायले, सरपंचबाईंचं कौतुक केलं आणि मग सावकाश मुद्द्यावर आले. गावच्या गायरानावर सोलारची कंपनी आणायचं त्यांच्या मनात होतं. कंपनीशी त्यांचं बोलणं झालं होतं, राहिला होता तो ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव. उज्ज्वला उभी राहिली होती तीच मुळी गायरान वाचवायला. तेवढ्या पट्ट्यावर साऱ्या वस्तीची मेंढरं जगत होती. ती काही बोलायच्या आत राव उठले आणि बंकटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जीप कुणाची व्हती, ते मी अजून कुठं बोललो न्हाई. ठराव झाला तर पुढंबी बोलणार न्हाई, तुमीबी बोलू नका. हिसाबात ती न्हाई निघाली तर सरपंचकी राहती का जाती, ते सुनबाईला इचारा."

राव गेल्यावर उज्ज्वलाने सासऱ्याला समोर बसवलं. महिन्याभरात साऱ्या खर्चाचा हिशेब शपथेवर द्यायचा होता. तिने विचारलं, "मामा, जीप कुणाच्या नावानं लिहू?"

"माझ्या नावानं लिव."

"तुमची व्हती का?"

बंकट अडखळत म्हणाला, "म्या जबान दिलीय, पोरी."

उज्ज्वला रागावली नाही. ती रागावली असती तर बंकटला सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुमची जबान मोडा, असं मी कधीच म्हणणार न्हाई. पण खोटं लिहून शपथ बी घेणार न्हाई. उद्या राजीनामा देते."

राजीनामा दिला की पुन्हा निवडणूक, आणि मग गायरान गेलंच. बंकट उठला आणि थेट गायरानात जाऊन बांधावर बसला. भावकीची मेंढरं चरत होती. एक लंगडं मेंढरू मागे रेंगाळलं होतं आणि ते बघता बघता त्याला बाजाराचा जुना दंडक आठवला. जनावर खोड लपवून विकलं, तर दाबलेला हातसुद्धा फिरतो. मात्र तो गुपचूप फिरवता येत नाही. भर बाजारात, चार जाणत्यांसमोर खोड सांगावी लागते. एवढ्या वर्षांत बंकटवर ती पाळी आली नव्हती आणि तोच त्याचा अभिमान होता. राजीनामा रविवारपर्यंत थांबव, एवढंच त्याने घरी येऊन सुनेला सांगितलं.

रविवारी राव बाजारात आले. या वेळी खरंच बैल बघायला आले होते. हसत हसत त्यांनी बंकटपुढे हात केला. बंकटने हातावरचं उपरणं उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. त्याचा हात भर उन्हात उघडाच पुढे राहिला. आसपासचे दलाल वळून बघू लागले.

"राव, प्रचाराला जीप तुमी दिली. त्याचे उपकार हायेत," बंकट म्हणाला. "पण देताना गायरानाची खोड लपवलीत. म्हून ह्यो सौदा फिरला. दिलंय तर ते तुमच्या नावानं दिसंल. सून सारं लिवणार हाय."

रावांचा चेहरा उतरला. त्यांच्याच पुतण्याची माणसं चार हातांवर उभी होती. त्यांनी आवाज खाली आणला. "बंकट, उपरण्याखालचं तू उघड्यावर आणलंस. आता तुज्या हातात हात कोण दील बे?"

"न्हाई दिला तर न्हाई."

म्हणायला म्हणाला, पण बाजार उठायच्या आतच घराकडे निघाला.

उज्ज्वलाने हिशेब दिला त्या दिवशी बंकट तहसीलच्या आवारात लिंबाखाली उभा होता. जीप आणि भोंगा राधाकिशनरावांच्या नावावर होता, तसा चहा छबुबाईच्या. खर्च नियमात बसत होता. कारकुनाने कागद चाळले, शिक्का मारला, बस्स. बाहेर येऊन उज्ज्वलाने पदर सावरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत सासऱ्याच्या पाया पडली. बंकट नुसताच "चल, यस्टी जाईल," म्हणाला.

पुढचा रविवार कठीण गेला. लोकांनी रामराम घातला, चहा पाजला, दोघातिघांनी पाठही थोपटली. पण जोड्या घेऊन माणसं दुसऱ्या दलालांकडे गेली. ज्या हाताखाली एकेका बाजारात पाच-पाच सौदे व्हायचे, तो हात दुपारपर्यंत मोकळा राहिला. बंकटला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी तो आपल्या जागेवरून हलला नाही.

ऊन कलता कलता छबुबाई कालवड ओढत आली. मागोमाग गिऱ्हाईकही आलं. बंकटने सवयीने उपरणं पुढे केलं.

छबुबाईने कमरेवरचे हात काही काढले नाहीत. "झाकायचं कावून? तोंडानं सांग की."

बंकटने उपरणं झटकलं, डोक्याला गुंडाळलं आणि घसा खाकरून कालवडीचा भाव मोठ्याने सांगितला. जन्मात पहिल्यांदाच. पलीकडच्या ओळीतले दलाल माना वळवून बघू लागले. आवाज जरासा चिरकला होता, म्हणून बंकटने तो भाव पुन्हा एकदा, नीट सांगितला.