गोदी गप्प होती तो दिवस

सरकारी कचेरीतल्या बाकांची मला इतकी सवय झाली आहे की घरी खुर्चीत टेकले तरी कुणीतरी नंबर पुकारेल असं वाटतं. आमची नदीकाठी बोटी दुरुस्त करायची गोदी आहे. बाबा घण आणि वेल्डिंग सांभाळतात, मी कचेऱ्या. दोघांत जास्त कोण झिजलं ते विचारू नका.

शहराच्या विकास आराखड्यात आमच्या काठावर बोटींच्या कामाचं आरक्षण आहे. ते आहे म्हणून आम्ही आहोत. वरच्या अंगाच्या काठावरचं उठलं आणि तिथे आता उंच इमारती आहेत, खाली फिरायला गुळगुळीत फरशी. आमचंही उठवायचं घाटत होतं. माझ्या चपला झिजल्यावर नगररचनेचे साहेब एकदाचे म्हणाले की ते स्वतः पाहणीला येतील. काम खरंच चालू दिसलं तर आरक्षण राहील, नाहीतर काठ घरबांधणीला मोकळा. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, बुधवारी साहेब येणार आहेत.

बुधवारी साहेबांना घेऊन फाटकात शिरले आणि माझे पाय तिथेच थबकले. गोदी चकचकीत. ज्या उतारावरून आम्ही बोटी पाण्याबाहेर ओढतो, तो धुऊन काढलेला. त्यावर ठाण मांडून बसलेली, दुरुस्तीला आलेली जहाजं ओढायची टगबोट गायब. तळाचं काम झालं होतं, वरचं अर्धं बाकी होतं. तशीच ती सकाळच्या भरतीला पाण्यात सोडून बाबांनी पलीकडच्या धक्क्याला बांधून ठेवली होती. गंजके पत्रे ताडपत्रीखाली, हत्यारं कपाटात, माणसांना सुट्टी. घणही बंद, कारण समोरच्या काठावरचे गॅलरीवाले काका आवाजाच्या तक्रारी करत असतात आणि नेमकी साहेबांसमोर शोभा नको. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पाण्याचा ग्लास घेऊन उभे.

टगबोट कुठे, असं मी दात आवळून विचारलं.

"साहेबांच्या पायाला कशाला काळं लागायला हवं?" बाबा म्हणाले.

आल्यागेल्याला घाणीतून चालू द्यायचं नाही, ही त्यांची जन्माची रीत. एरवी मला तिचं कौतुक आहे. त्या क्षणी मात्र त्यांचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी ताडपत्र्या उचलून पत्रे दाखवले, पलीकडची टगबोट बोटाने दाखवली. परत आणावी तर ओहोटी लागलेली, उताराखाली नुसता गाळ. साहेब माणूस वाईट नव्हता. तो शांतपणे पाणी प्यायला.

"ताई, मला दिसेल तेच लिहावं लागतं. इथे काही चालू दिसत नाही. सुनावणीला कुणी सांगणारा आणा. घरचा नको, गिऱ्हाईक नको."

असा माणूस एकच होता. मी पूल ओलांडून गॅलरीवाल्या काकांकडे गेले. त्यांच्या तक्रारींना आजवर मीच उत्तरं लिहिली होती, आणि काही चांगली खवचट होती. त्यांनी दारातच सगळं ऐकलं, बघतो म्हणाले आणि दार लावून घेतलं. जिन्यात बसून मी रडले. वाटलं, उठू दे ते आरक्षण, निदान झोप तरी मिळेल.

सुनावणीला काका काठी टेकत आले. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता हा माणूस उरलंसुरलं बुडवणार, अशी माझी खात्री झाली.

"भरती आली की यांची ठोकाठोकी सुरू," ते म्हणाले. "रविवार सोडत नाहीत. वेल्डिंगचा उजेड माझ्या भिंतीवर नाचतो. एकदाच काय ते गप्प होते, त्या बुधवारी. मला वाटलं, यांच्यातलं कुणी गेलं की काय. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता."

साहेबांनी विचारलं, म्हणजे गोदी बंद व्हावी असं म्हणणं आहे का?

"तसं कुठे म्हटलं मी? माझी हरकत आवाजाला आहे."

"रोज असतो आवाज? तसं लिहू?"

"लिहा की. रोज."

साहेबांचं पेन कागदावर चालू लागलं. किती दिवसांनी माझा श्वास मोकळा झाला. बाबांकडे वळून बघितलं तर त्यांचा चेहरा शरमेने उतरलेला. कुणी हसून त्यांचं अभिनंदन करायच्या आत ते उठून उभे राहिले, काकांकडे वळून हात जोडून म्हणाले, "चुकलं आमचं. शब्द देतो, उद्यापासून आवाज बंद..."

मी त्यांचा इस्त्रीचा सदरा मुठीत धरला आणि त्यांना ओढून खाली बसवलं.