चारपर्यंतची भिंत

आमच्या कॉलेजात भिंतीचं आयुष्य चार वाजेपर्यंत. सकाळी नऊला बांधायला घ्यायची, तीनपर्यंत पुरी करायची आणि चारची घंटा झाली की आपल्याच हातानं पाडायची. गवंडीकामाच्या वर्गात सिमेंट वापरतच नाहीत. चुन्या-वाळूचा माल असतो, तो पक्का धरत नाही, त्यामुळे विटा सुट्ट्या होतात. त्या घासायच्या, रचायच्या आणि घरी जायचं. गेली सव्वीस वर्षं त्याच विटांची रोज भिंत होते आणि रोज ढीग होतो. माझ्या वाट्याला आलेल्या काही विटांना माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे.

याला अपवाद एकच. आमचे शिक्षक, त्यांना सगळे मिस्त्रीसर म्हणतात, एखाद्या भिंतीकडे बघून "असू दे" म्हणाले तर ती दुसऱ्या दिवशीच्या चारपर्यंत उभी राहते. सव्वीस वर्षांत हे त्यांनी नऊदा म्हटलंय. एरवी ते "हं" म्हणतात. हं सात प्रकारचे आहेत. तुटक हं म्हणजे पाड आणि पुन्हा बांध. लांबलेला हं म्हणजे घरी सगळं ठीक आहे ना. नाकातून आलेला हं म्हणजे शिवणकामाच्या वर्गात जागा आहे बरं का. पहिले सहा महिने मला नाकातलेच मिळाले.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी इथे नाव घातलं. त्याआधी अठरा वर्षं कुरियरच्या ऑफिसात पाकिटांवर पत्ते चिकटवले. केलेलं काम रोज संध्याकाळी गाडीत बसून दुसरीकडे निघून जायचं. मला एकदा तरी असं काही करायचं होतं जे जागचं हलणार नाही. आणि मी निवडलं काय, तर चारला पडणारी भिंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवऱ्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती वन्संची, म्हणजे माझ्या नणंदेची. त्या समोरच्याच घरात राहतात आणि मी परत येते तेव्हा दारात उभ्या असतात. आज काय बांधलंत, असं विचारतात. मी म्हणते, भिंत. कुठंय, असं विचारतात. मी म्हणते, पाडली. एवढ्या भांडवलावर त्यांनी साऱ्या नातेवाइकांत सांगून टाकलं की आमच्या वहिनी मोडतोडीचा कोर्स करतायत. दीड वर्ष मी हे ऐकून घेतलं. मला प्रमाणपत्र हवंच होतं, पण खरं सांगते, त्याहून जास्त वन्संना माझी एक भिंत दाखवायची होती.

अशात कॉलेजात ई-पोर्टफोलिओ आला. तो घेऊन ज्या मॅडम आल्या त्यांचं नाव पहिल्याच दिवशी पोर्टफोलिओबाई पडलं. त्यांनी वर्गात जाड रबरी कव्हरं घातलेले सहा टॅब वाटले आणि सांगितलं की यापुढे प्रत्येक कामाचा फोटो काढायचा, काय केलं आणि काय शिकलो ते लिहायचं आणि खाली शिक्षकांचा अभिप्राय घ्यायचा. किमान पन्नास शब्दांचा. हे सगळं कुठेतरी लांब बसलेले एक परीक्षक तपासणार आणि ते हो म्हणाले तरच प्रमाणपत्र.

पहिला आठवडा नुसता गोंधळ. चुन्याचं बोट टॅबला कळत नाही. माझ्या शेजारी ड्रायव्हरकाका काम करतात. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले आणि आता स्वतःच्या घराला स्वतः खोली बांधायची म्हणतात. त्यांनी कंटाळून नाकानं टाइप करायला सुरुवात केली. काय केलं, या रकान्यात त्यांनी लिहिलं, "वीट पायावर पाडली." काय शिकलो, यात लिहिलं, "वीट जड असते." पुढच्या वेळी काय वेगळं कराल, यात लिहिलं, "दुसरा पाय."

मिस्त्रीसरांनी टॅब हातातच घेतला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, एवढंच म्हणाले. मला म्हणावंसं वाटलं, सर, आमचं कांकण रोज चारला फुटतं, आम्हाला आरसा लागतो. शेवटी बाईंनी फार गळ घातली तेव्हा त्यांनी अभिप्रायाच्या चौकटीत एका बोटानं "हं" असं लिहिलं. चौकट लाल झाली. अजून एकोणपन्नास शब्द हवेत, असं तिच्यात उमटलं. सरांनी टॅब पालथा घातला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

माझी शेवटची परीक्षेची भिंत म्हणजे बारा थरांचा कोपरा होता. मी तो जीव लावून बांधला. ड्रायव्हरकाकांनी फोटो काढला, चारला मी भिंत पाडली आणि तो फोटो मोठ्या तोऱ्यात घरच्या ग्रुपवरही टाकला.

चार दिवसांनी, बुधवारी, परीक्षकांचं उत्तर आलं. भिंत डावीकडे कललेली आहे. शिक्षकांचा अभिप्राय नाही. उद्या चारपर्यंत पुन्हा सादर करा, अन्यथा अनुत्तीर्ण.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी भिंत आणि कललेली? मी फोटो नीट पाहिला. भिंत कलली होती. मागचं कपाटही कललं होतं. कपाटाशेजारी उभे असलेले मिस्त्रीसरसुद्धा कलले होते. तीस वर्षं मान वाकडी करून बाजूचा आरसा बघितलेल्या माणसाकडे मी टॅब दिला होता. वर काकांचा अंगठा एका कोपऱ्यात बसल्यासारखा आला होता. आणि ज्या भिंतीनं साक्ष द्यायची तीच उरली नव्हती.

घरी वन्सं वाटच बघत होत्या. फोटो त्यांनी मोठा करकरून पाहिला होता.

"वहिनी, ही पडणारच होती हो. पाडलीत ते बरं केलंत."

मी म्हटलं, फोटो वाकडा आहे, भिंत नाही. त्यावर त्यांनी शांतपणे, नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून दार लावून घेतलं. मी जेवले नाही. रागानं नव्हे, रडू येत होतं म्हणून.

गुरुवारी सकाळी पोर्टफोलिओबाईंनी युक्ती सांगितली. जुनाच फोटो एक बटण दाबून सरळ करता येतो, म्हणाल्या. त्या मनानं चांगल्या होत्या, पण मिस्त्रीसरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी बटणावरचं बोट काढून खिशात घातलं.

"बटणानं सरळ करायची तर हिला मी थापी कशाला शिकवली?" सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "परत बांध. आणि फोटो काढताना ओळंबा लाव."

त्यांचं एवढं लांब बोलणं मी प्रथमच ऐकलं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. तो लोंबकळला की दोरी जमिनीकडे सरळ उभी राहते, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. भिंत नीट आहे का ते आम्ही त्यावरूनच बघतो. तो फोटोत का, हे माझ्या पाचव्या थरापर्यंत लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले.

तीनला भिंत झाली. मी कडेशी ओळंबा सोडला आणि टॅब मुद्दाम ड्रायव्हरकाकांच्याच हातात दिला. त्यांनी मान वाकडी केली, श्वास रोखला आणि फोटो काढला. फोटो नेहमीसारखाच कललेला आला, अंगठ्यासकट. पण आता भिंतीबरोबर दोरीही तेवढीच कलली होती आणि दोघींमधलं अंतर वरपासून खालपर्यंत एकसारखं होतं. बाईंनी पट्टी घेऊन टॅबवर मोजलं आणि त्यांना स्वतःलाच टाळी वाजवावीशी वाटली.

राहिला अभिप्राय. सरांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि टॅब मांडीवर घेऊन बसले. एक बोट चालू झालं. मी बघायला गेले नाही, थापी घासत बसले. चारला पाच मिनिटं असताना त्यांनी बाईंना विचारलं, आता किती झाले. बाई म्हणाल्या, अठ्ठेचाळीस. बोट आणखी थोडं चाललं आणि चौकट हिरवी झाली.

घंटा झाली. सगळीकडे विटा पडायला लागल्या. मी सवयीनं हातोडी उचलली.

"असू दे," सर म्हणाले.

मला वाटलं, हातोडीबद्दल बोलतायत. मग बाईंनी टॅब माझ्यासमोर धरला. अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं होतं, असू दे असू दे असू दे असू दे. पंचवीस वेळा. ज्यांनी सव्वीस वर्षांत नऊदा म्हटलं त्यांनी. मी सगळ्यांसमोर रडले, आणि काकांनी त्याचाही फोटो काढला, वाकडा.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. भिंत सरळ आहे, उत्तीर्ण, छायाचित्रकाराकडे लक्ष द्यावं. मी तडक घरी गेले आणि वन्संना, चला, एवढंच म्हटलं. त्या घरातल्या चपलांवरच आल्या. भिंतीभोवती दोन फेऱ्या मारल्या, एक डोळा मिटून पाहिलं, मग दोन्ही हातांनी जोर लावून ढकलून बघितली. भिंत हलली नाही. वन्सं घरी गेल्या नाहीत. तिथेच विटांच्या ढिगावर बसून राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, आत जपून जा, असं सांगत राहिल्या.

चारची घंटा झाली. आता नियमाप्रमाणे भिंत पाडायचीच होती. मी हातोडी घेऊन पुढे झाले तर वन्सं उठल्या, पदर खोचला आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आमच्या वहिनींनी बांधलीय ही," त्या म्हणाल्या. "कोण पाडतो ते बघतेच."

मी मिस्त्रीसरांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि म्हणाले, "हं."

हा आठवा प्रकार होता. मी हातोडी खाली ठेवली.