गुप्तहेर इस्त्रीवाली

मध्यंतरानंतर सिनेमात काय होतं हे आपण कधी पाहत नाही, हे गुपित समीक्षकांनी बारा वर्षं सांभाळलं होतं. शुक्रवारी बाराचा खेळ, मध्यंतर झालं की स्वारी घरी, जेवून तासभर आडवी, आणि संध्याकाळी सहाच्या आत लेख पेपरच्या कचेरीत. शेवट सांगायला थिएटरचा डोअरकीपर होता. फोन केला की तो इमानेइतबारे सगळं सांगे: कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, नायिका रडली की नाही. त्यात समीक्षक आपली अक्कल मिसळत आणि लेख तयार. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या शुक्रवारी चिनी सिनेमा होता. युद्धाचा काळ, शत्रूच्या ताब्यातलं शहर. तिथली एक तरुण बाई लष्करी कचेरीतले कपडे इस्त्री करते, खिशात राहिलेले कागद वाचते आणि बातम्या आपल्या माणसांना पोचवते. शत्रूकडे चाकरीला असलेला एक दुभाष्या रोज सदरा घेऊन येतो. हिचा जीव त्याच्यात गुंततो, आणि नेमका तिच्याच माणसांकडून हुकूम येतो, की याला संपव. इथे मध्यंतर. खरं सांगायचं तर समीक्षकांनाही क्षणभर बसावंसं वाटलं होतं. पण झोप ती झोप.

"मारते, साहेब," डोअरकीपर फोनवर म्हणाला. "पिस्तूल रोखते, हात थरथरतो, गोळी सुटते. खेळ खलास."

मथळा ठरला: 'प्रेमावर गोळी झाडणारी इस्त्रीवाली'. कर्तव्यापुढे काळजाचा दगड करणाऱ्या बाईबद्दल समीक्षकांनी असं काही लिहिलं, की त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्यांची बायको इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स होती. नवऱ्याचा लेख ती दर रविवारी वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवी. महिनोन्महिने छताकडे बघत पडलेल्यांचा तोच सिनेमा. खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी तिथे होत्या. त्यांनी जन्मभर लोकांचे कपडे इस्त्री केले होते. हा लेख ऐकून त्या बिथरल्याच.

"ज्याचा सदरा रोज हाताखालून जातो त्याला कुणी मारत नाही, सिस्टर," त्या म्हणाल्या. "कॉलर कुठे झिजली, बटण कधी तुटलं, सगळं ठाऊक असतं. विचार तुझ्या नवऱ्याला."

बायकोने घरी विचारलं. समीक्षकांनी चहाचा घोट घेत निरोप धाडला, "त्यांना म्हणावं, इस्त्री करणं वेगळं आणि कला कळणं वेगळं."

निरोप पोचला. आजी म्हणाल्या, साहेब शिकलेले आहेत, म्हणतात तसंच असेल. पण ती पोरगी अवदसा निघाली. तेव्हापासून त्या रोज सकाळी त्या पोरीला चार शिव्या हासडू लागल्या. बायकोला मात्र चैन पडेना.

"मला बघायचाय तो सिनेमा," दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती म्हणाली. "तुम्हीही चला. आपण दोघांनी मिळून कधी पाहिलाय का एखादा?"

समीक्षकांना जावंच लागलं. मध्यंतर झालं तरी ते खुर्चीत बसलेले पाहून डोअरकीपर हसत जवळ आला. "आज थांबलात, साहेब? म्हणजे आज फोन नाही यायचा." बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. समीक्षकांचे कान तापले. पुढचा अर्धा तास पडद्यावर काय चाललंय ते त्यांना दिसतच नव्हतं.

मग ते पिस्तूल आलं. हात थरथरला, गोळी सुटली. त्याच क्षणी बाजूचे दरवाजे धाडधाड उघडले, बाहेरचा उजेड आत शिरला आणि निम्मं थिएटर उठून चालू लागलं. समीक्षकही उठले. बायकोने बाही धरून त्यांना खाली बसवलं.

पडद्यावर फुटलेला दिवा होता. गोळी दिव्यालाच लागली होती. अंधारात दुभाष्या मागच्या दाराने निघून गेला. मग ती बाई खिडकीतल्या अंधुक उजेडात टेबलाशी आली, त्याचा मागे राहिलेला सदरा तिने पसरला आणि इस्त्री फिरवू लागली. जिन्यावर शत्रूच्या शिपायांच्या बुटांचे आवाज चढत होते. तिने कॉलर दोनदा दाबून घेतली.

बाहेर येताच समीक्षक डोअरकीपरवर तुटून पडले. "मारलं कुठे तिने? गोळी दिव्याला लागली!"

"असेल, साहेब," तो ओशाळून म्हणाला. "शेवटची दोन मिनिटं मी दारं उघडत असतो. पडद्याकडे पाठ असते. आजवर एकाही सिनेमाची ती दोन मिनिटं मी बघितली नाहीत." मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही नंतर कधीतरी येऊन बघत असाल."

समीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं काम त्याच्या गळ्यात टाकायचं आणि वर त्यालाच दरडावायचं.

रस्त्याने बायको दोन पावलं पुढे चालत होती.

"असे किती सिनेमे?"

"सगळे."

"बारा वर्षं वाचून दाखवते आहे मी," ती म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर वॉर्डात चला. मी नाही सांगणार आजींना. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी समीक्षक आजींच्या खाटेशी स्टुलावर बसले आणि त्यांनी शेवट सांगितला: दिवा, अंधार, सदरा, सगळं. आजी हसल्या.

"माझं मन राखताय, साहेब. पेपरात छापलेलं खोटं कसं असेल?"

बायको शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रक्तदाब बघत होती. तिने मान वळवली नाही. इथे थांबता आलं असतं. लाज झाकलेली राहिली असती, आजीही खुशीत होत्या. समीक्षकांनी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"मी तो अर्धाच पाहिला होता," ते म्हणाले. "पुढचं ऐकीव लिहिलं. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं, आणि मी तुम्हाला नको ते बोललो."

आजी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोसलं असतं.

"मग तिला पकडलं त्या लोकांनी?"

"पुढे दाखवत नाहीत. पण शिपाई जिना चढून येत असतात. ती पळत नाही."

"म्हणजे त्याला जाऊ दिलं आणि ती स्वतः मरायला थांबली," आजी म्हणाल्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "आणि मी दोन आठवडे त्या पोरीला शिव्या देत होते."